दामल्यांची फूटपट्टी

दामलेवहिनींचा फोन आला तेव्हा मी कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधून दामल्यांनाच भेटायला रुग्णालयात निघालो होतो. "भाऊजी, या... पण आता घाई नको," एवढंच त्या म्हणाल्या. न्यूमोनिया झालेला माणूस चांगला सुधारत होता. स्कॅनला नेताना ट्रॉलीवरचा ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला. दुसरा येईपर्यंत वहिनी त्या बड्या रुग्णालयाच्या चकचकीत कॉरिडॉरमध्ये त्यांचा हात धरून ओरडत होत्या. महिना होऊन गेला, माझा राग काही उतरत नाही.

सुधाकर दामले जन्माने इथल्याच बागबाजारचे. कॉलेजात वर्तमानपत्रांचं अर्थशास्त्र शिकवायचे आणि निवृत्तीनंतरही रोज सकाळी लाकडी फूटपट्टीने घरी येणारा बंगाली पेपर मोजायचे... बातम्यांची जागा किती, जाहिरातींची किती. कोरी जागासुद्धा सोडायचे नाहीत. "तीही कोणीतरी विकत घेतलेली असते," म्हणायचे. शेजारचे घोषबाबू चेष्टा करत, की मराठ्यांना अडवायला आमच्या पूर्वजांनी इथे खंदक खणला, तरी एक मराठा आत शिरून आमचा पेपर मोजतोच आहे! दामले खळखळून हसत.

मी बँकेतला माणूस, पण त्यांचा हिशेब मला झोंबायचा. वाचकाच्या पैशात कागदाचा खर्चही सुटत नाही, पेपर चालतो जाहिरातदाराच्या जिवावर, असं ते समजावून सांगत. एकदा मी चिडून म्हणालो, "म्हणजे बातम्या दाबणारे चोरच की!" तर शांतपणे म्हणाले, "चोर कशाला? ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. दुष्टपणा शोधू नका, हिशेब बघा." त्यांच्या या शांतपणाचा मला संताप यायचा. आज तो शांत आवाज ऐकायलाही मिळत नाही.

त्याच पेपरात त्यांची एक विद्यार्थिनी उपसंपादक आहे. तिने सिलिंडरची सगळी हकीकत लिहून घेतली, आणि दोन दिवसांनी घरी येऊन मान खाली घालून बसली. "बातमी लिहिली होती, काकीमा. लागली नाही." त्या रुग्णालयाची जाहिरात पेपरात रोज असते, हे सांगायची तिला गरज पडली नाही. वहिनी तिच्यावर रागावल्या नाहीत. त्यांना फक्त एवढंच हवं होतं, की दामले कसे गेले ते एका ओळीत तरी कुठेतरी छापलं जावं.

मग आम्ही निधनाची जाहिरात द्यायला पेपरच्या काउंटरवर गेलो. वहिनींनी मजकुरात शेवटी लिहिलं होतं, 'रुग्णालयात ऑक्सिजनअभावी निधन.' काउंटरवरच्या गृहस्थाने ते वाचून अगदी मायेने हात जोडले. "एई लाइनटा जाबे ना, माशिमा." ही ओळ छापता येणार नाही. वहिनींनी पुष्कळ विनवलं. शेवटी म्हणाल्या, "ओळ काढा, पण चौकट लहान करू नका. जागेचे पैसे मी देते."

परवा बागबाजारला गेलो, तर टेबलावर निधनाच्या जाहिरातीचा तो अंक होता. पहिलं पान अख्खं त्या रुग्णालयाचं, हसऱ्या डॉक्टरांचं. आत दामल्यांचा फोटो, नाव, आणि खाली कोरी जागा. वहिनींनी फूटपट्टी माझ्या हातात दिली.

"तुम्ही मोजा, भाऊजी. यांनी ही जागा बातमीत धरली असती."

मी पट्टी त्या कोऱ्या जागेवर ठेवली... आकडा काही दिसेना. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाकलो.