टिकलीचं दार

हाटकेश भागातल्या फर्निचरवाल्याकडे मी कपाट बघायला गेलो, तिथे एक म्हातारी जुनी पितळी कडी पदरात घेऊन बसली होती. ही कडी नव्या दाराला बसवून हवी होती तिला. मुलानं नक्षीचं दार काढून खोली अख्खी पांढरी केलेली. दारही भिंतीत मिसळलेलं, कडीबिडी काही नाही. बोलताना तिचा तळवा हवेत चाचपडत होता.

"लाईट गेली नि दारच सापडेना. ओरडले, पण घरात कोण नाय. आता हाताला लागावी म्हणून दारावर टिकली लावते. सून काढून टाकते. डिझाईन बिघडतं म्हणे."

आईच्या खोलीला आम्ही नुकतंच तसलंच दार बसवलं होतं. मी कपाट न बघताच घरी पळालो.

आईच्या खोलीत लाल टिकली होती. दारावर नाही, शेजारच्या भिंतीवर.