न घेतलेला टॉवेल

हे मी आजवर कोणापुढे बोललो नाही. पत्रकं लिहिताना माझी लेखणी कधी अडली नाही — इथं पहिल्याच ओळीला अडते आहे.

सात वर्षं झाली. कामठीत आमच्या शेजारी सेवंतामावशी राहायची. पॉवरलूमवर सुताच्या कांड्या भरायची. तिचं घर नव्या रस्त्यात जात होतं. सुनावणी नागपूरच्या कचेरीत, आणि खाडा केला की काम जायचं. मी म्हटलं, मुखत्यारपत्र दे, तुझ्या वतीनं मी भांडतो. तिनं अंगठा उठवला आणि मागावरचा एक टॉवेल पुढे केला.

"फुकट कोन कोनासाठी उभं राह्यते गा? घे."

"मावशी, मी का दलाल आहो?" मी तो परत केला. केवढा माज होता मला त्या नकाराचा!

सुनावणीला साहेबानं आमची हरकत वाचलीच नाही. माझ्यावर चालू असलेल्या मोर्चाच्या खटल्यातलं माझं नाव तेवढं वाचलं — सावकाश, दोनदा. मग एक कागद सरकवला : घर सोडायला सेवंताबाईची संमती आहे. सीताबर्डीच्या चौकात लाठीपुढे छाती काढणारा मी — काय केलं असेल?

सही केली.

पायऱ्या उतरताना मनाला समजावलं — मोबदल्याशिवाय करार होत नाही, असं कुठंतरी वाचलं होतं. मी तर टॉवेलसुद्धा घेतला नाही. मग मी कसला मुखत्यार? माझ्या सहीनं मावशी कशी बांधली जाईल?

बांधली गेली. धंतोलीतल्या वकिलानं कागद पाहून चष्मा काढला. "मुखत्यार नेमायले मोबदला लागत नाही. तिनं भरोसा टाकला, तू पत्करला. झालं."

घर पडलं. आणि मी? पत्रक काढलं — 'गरीब बाईची संमती चोरली!' साहेबानं माझ्या नावाची खोटी सही रचली, असं छापलं. मावशीला वाचता येत नाही. मीच मोठ्यानं वाचून दाखवलं. आवाज जरासुद्धा कापला नाही.

आता ती गावाबाहेर टिनाच्या खोलीत राहते. आतल्या बाजूनं दारावर ते पत्रक चिकटवलं आहे. आल्यागेल्याला खालच्या माझ्या नावावर बोट ठेवून सांगते, "ह्या पोरानं एक चिंधी नाही घेतली माह्याकडून."

ती सही खरी, माझीच होती, हे तिला अजून माहीत नाही.

मागल्या आठवड्यात तिनं पुन्हा टॉवेल पुढे केला. मी घेतला.