मी पाळलेले पथ्य

"ॲनिमिया आहे," डॉक्टर म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी मराठीत सांगितले, "अंगात रक्तच उरलेलं नाही. वैद्य याला पांडुरोग म्हणतात." त्यांनी माझी खालची पापणी अंगठ्याने ओढून घरच्या स्वारीला दाखवली. आतला रंग धुतलेल्या मांजरपाटासारखा होता, असे स्वारीने मला पुढे सांगितले.

ठाण्याच्या सरकारी इस्पितळातली ती माझी पहिली सकाळ. पौष महिना होता. आदल्या दिवशी कल्याणला आमच्या परसातल्या विहिरीवर मी घागरीसकट पडले होते. इस्पितळात माणूस जातो तो मरायलाच, असे आमच्या आळीचे ठाम मत होते आणि माझेही. पण आमची स्वारी, मामलेदार कचेरीतले कारकून, जे सासूबाईंना विचारल्याशिवाय उपरणेही बदलत नसत, त्यांनी त्या दिवशी कोणाचे ऐकले नाही. मला आगगाडीत घातले आणि ठाण्याला आणले.

डॉक्टर आपल्यातलेच, मुंबईस शिकून आलेले. बोलणे तुटक. त्यांनी छातीला एक नळी लावली. तिला स्टेथोस्कोप म्हणतात, तिने काळजाची धडधड ऐकू येते. डाव्या बरगडीखाली बोटे रुतवली आणि म्हणाले, स्प्लीन वाढली आहे. स्प्लीन म्हणजे आपली पाणथरी. हिवताप पुन्हा पुन्हा येऊन गेला की ती फुगते. मग लघवी काचेच्या नळीत घालून दिव्यावर तापवून पाहिली. तिच्यात वाईट काही निघाले नाही. शेवटी लिहिता लिहिता त्यांनी विचारले, "पथ्य काय पाळता?"

हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून मी किती दिवस वाट पाहत होते! बसायची ताकद नव्हती, तरी उठून बसले आणि सांगितले. मीठ सहा महिने तोंडात नाही. दही नाही, गूळ नाही, केळे नाही. भात एक दिवसाआड, मधल्या दिवशी नुसते पाणी. आश्विनात ताप आला तेव्हा कल्याणच्या डॉक्टरांनी पथ्याने राहा म्हणून बजावले होते. मी राहिले. जसजशी अशक्त होत गेले, तसतसे पथ्य वाढवीत गेले.

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. "बाई, तुम्ही पथ्य पाळलेलंच नाही."

मला वाटले यांना ऐकू कमी येते.

"पथ्य म्हणजे आजाऱ्यानं जे खायचं ते," ते म्हणाले. "दूध, पेज, मुगाचं कढण. जे टाळायचं ते अपथ्य. तुम्ही अपथ्य सोडलंत आणि त्याच्याबरोबर पथ्यही सोडलंत. हिवताप आहेच, पण त्याहून जास्त तुम्ही उपाशी आहात."

मला अस्सा राग आला! ज्या गोष्टीचा मला इतका अभिमान, ती या माणसाने एका वाक्यात निकालात काढली. आमच्या घरात पथ्य पाळणे म्हणजे सोडणे. लहानपणापासून ऐकले ते हेच. आजारी माणसाने काय खाल्ले हे कोणी विचारीत नाही, काय सोडले ते विचारतात. शब्दाचा अर्थ असा उलटा धरून मी मरणाच्या दारापर्यंत चालत गेले होते, आणि तो मला मुद्दाम चुकीचा कोणी सांगितला नव्हता. सगळ्यांचाच तसा समज होता.

त्यांनी दोन औषधे दिली. एक क्विनाइन, हिवतापावरचे, इतके कडू की तासभर जीभ आपली वाटत नाही. दुसरे टिंक्चर ऑफ स्टील, म्हणजे लोखंडाचा अर्क. तो दातांना लागला तर दात काळे पडतात, म्हणून काचेच्या नळीने ओढून घ्यायचा. आणि दोन वेळा दूध, दोन वेळा मीठ घातलेली पेज. पेज ब्राह्मण आचारी करतो, हे स्वारीने आधीच विचारून ठेवले होते. दूध मी घेतले. पेज परत पाठवली.

का, ते सांगते. यमूच्या आधी मला दोन मुलगे झाले. एक दहा महिन्यांचा गेला, एक तीन वर्षांचा. त्यानंतर यमू. तिला साधी शिंक आली तरी मी देवापुढे काहीतरी सोडून येई. त्या वर्षी चातुर्मासात मी अळणी जेवायचा नेम धरला होता. कार्तिकात उद्यापन करून तो सोडायचा, तर नेमका तेव्हा यमूला गोवर आला. मी देवापुढे बोलून गेले, यमूला आठवे वर्ष लागेपर्यंत मीठ खाणार नाही. आठवे लागायला चैत्र उजाडायचा होता. आता नेम मध्येच मोडला आणि त्या पोरीला काही झाले तर? मी मरेन याची मला तितकी भीती नव्हती. यमू जाईल याची होती. डॉक्टरांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मी शास्त्री नाही, बाई." पण दाराबाहेर ते स्वारीला म्हणाले ते मला ऐकू आले. "असंच चाललं तर फाल्गुन त्यांना दिसेल असं मला सांगता येत नाही."

समोरच्या खाटेवर कोलशेतची एक बाई होती, हिराय. मिठागरात काम करणारी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. खाऱ्या पाण्यात उभे राहून तिच्या पायांना जखमा झाल्या होत्या आणि त्या चिघळल्या होत्या. पहिल्या दिवशी ती जवळून गेली तेव्हा मी माझे पांघरूण ओढून घेतले होते. ते तिने पाहिलेही होते. लिहिताना लाज वाटते, पण झाले ते झाले.

माझी पेज परत जाताना ती रोज बघे. चौथ्या दिवशी तिने कमरेची पुडी सोडली आणि मीठ पुढे केले. इस्पितळाची पेज तिला मिळमिळीत लागे, म्हणून तिने आगरावरचे मीठ बरोबर आणले होते. मी नको म्हटले आणि नेमाचे सांगितले.

ती हसली. "आमी उनात कंबर मोडून मीठ पिकवताव, न् तू देवाला सांगतेस मी खानार नाय. आमच्यावर रुसलीस का काय गो?"

मला हसू आले नाही. ती पुढे म्हणाली, "नेम कर, बाय. कोन नको बोलतंय? पन तुजे समदे नेम रडाचे. खुशीचा येक तरी हाय का?"

खुशीचा नेम! असले काही असते हे मी ऐकलेच नव्हते. मी तिला उलट विचारले, तुझा आहे का? तर म्हणाली, "हाय तर. रोज सकाली उनात बसून केस इचरतंय. आगरावर जावाला उशीर जाला तरी. मुकादम बोंबलतंय, बोंबलू दे."

मी तोंड फिरवून निजले. पण तो प्रश्न काही सुटेना. सबंध दिवस मी आठवून पाहिले, की मी शेवटी कधी काही आवडते म्हणून केले. आठवले नाही. मला रडू आले, आणि ते अशक्तपणाचे आहे असे मी परिचारिकेला सांगितले.

दुसऱ्या दिवशी डोळे उघडल्यावर मी मनाशी ठरवले, आज ऊन खिडकीत येईल तेव्हा पाय उन्हात ठेवून बसायचे. जपाची माळ हातात न घेता. बसले. फार काही झाले नाही, पाय गरम झाले. त्यापुढच्या दिवशी ठरवले ते चक्कर येऊन राहून गेले, आणि नेम मोडला म्हणून मी हात जोडून देवाची क्षमा मागू लागले. हिराय म्हणाली, "आगो, देव काय मुकादम हाय? उद्या कर."

आठव्या दिवशी स्वारी यमूला घेऊन आली. मी तिला आठच दिवसांनी पाहत होते, तरी पोर ओळखू येईना. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळे. माझ्या कानाशी येऊन ती कुजबुजली, "आई, मी दूध सोडलं. आणि भात एक दिवसाआड. तू घरी येईपर्यंत."

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. माझं मीच. आजी म्हणाली, आईवर गेली हो पोर, गुणाची."

तिच्या तोंडावर किती अभिमान होता! तो माझाच होता. आठ दिवसांपूर्वी डॉक्टरांपुढे उठून बसताना माझे तोंड असेच दिसले असेल. स्वारी कचेरीत, सासूबाई कौतुकात, आणि आठवे वर्षही न लागलेली पोर माझ्यासाठी उपाशी. तिला वाचवायला मी जे करीत होते ते तिने माझ्याकडून शिकून घेतले होते. मी तिला दुसरे काही शिकवलेच नव्हते.

मी डॉक्टरांना बोलावून आणायला सांगितले. त्यांनी यमूची पापणी ओढून पाहिली. "आईचाच रंग," ते म्हणाले. "अजून फार गेलेलं नाही. पण आजपासून जेवली पाहिजे."

"मी नाही जेवणार," यमू म्हणाली. "आई पण नाही जेवत."

पेज आली होती. मी हिरायकडे हात पुढे केला. तिने चिमूटभर मीठ माझ्या तळहातावर ठेवले. मी पेज ढवळली आणि यमूकडे बघत पहिला घोट घेतला. प्रत्येक घोटाला तिच्या तोंडाकडे बघत होते, तिला काही होते का म्हणून. सहा महिन्यांनी मिठाची चव! ती इतकी गोड लागली की मला स्वतःची चीड आली. मग वाटी तिच्या तोंडाला लावली. ती आधी माझ्याकडे, मग बापाकडे बघत राहिली. मग प्यायली.

तिसऱ्या आठवड्यात मी भिंतीला न धरता चालू लागले. पापणी गुलाबी झाली. हिरायचे पाय माझ्याआधी भरले आणि ती आगरावर परत गेली. जाताना मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "आता पांघरूण नाय ओढलंस," आणि मोठ्याने हसली. तिचे आणि त्या तुटक बोलणाऱ्या डॉक्टरांचे उपकार माझ्याने फिटणार नाहीत.

घरी आल्यावर सासूबाई महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मीठ घातलेली आमटी त्या माझ्या पानात वाढीत नसत, मी माझी घेई. चैत्र आला, यमूला आठवे लागले, तेव्हा कुठे त्या निवळल्या. पुढच्या आषाढीला आळीतल्या बायका देवळात बसून आपापले नेम सांगत होत्या. कोणी वांगे सोडले, कोणी पान सोडले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटले, मी रोज दुपारी यमूबरोबर ओटीवर बसून पोटभर जेवीन, आणि जेवल्यावर दोन डाव सागरगोटे खेळीन. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एकीने विचारले, हा कसला नेम? मी म्हटले, खुशीचा.

ज्या बायका हे वाचतील त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की डॉक्टरांनी पथ्य सांगितले तर काय खायचे ते आधी विचारा. आणि सकाळी उठल्यावर दिवसातली एखादी लहानशी गोष्ट आपल्या सुखाची म्हणून ठरवा. राहिली तर राहू द्या, तिला उद्यापन नाही.

पण मी फार शहाणी झाले असे कोणी समजू नये. त्याच श्रावणात यमूला ताप भरला. पाचव्या दिवशी तो उतरला, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. मला मात्र तेव्हा ते ठाऊक नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी पोरीचे अंग हाताला चटका देत होते. मी तिच्या अंथरुणाशेजारी पान घेऊन बसले होते. सासूबाई दारातून म्हणाल्या, "पोर तापानं फणफणलीय, आणि तुझ्या घशाखाली घास उतरतो?"

तो उतरत नव्हताच. हातात कालवलेला भात होता आणि ओठांवर जुने शब्द येऊन थांबले होते, देवा, हिला बरं कर, मी भात सोडते. आणखी एक क्षण गेला असता तर मी ते बोलले असते. इतक्यात माझे लक्ष गेले. यमू डोळे उघडून माझ्या हाताकडे बघत होती.

मी घास तोंडात घातला. चावला. गिळला. डोळ्यांतून पाणी चालले होते ते पदराला पुसले आणि दुसरा घेतला. पान संपेपर्यंत ती बघत होती.

"आई, जेवलीस?" तिने विचारले.

"जेवले."

"पोटभर?"

"अजून थोडी जागा आहे," मी म्हटले, आणि आणखी भात वाढून घेतला.