सुपरवायझरांनी चॅनेल लावले

कारखान्यातून निवृत्त झाले तरी सुपरवायझर सुपरवायझरच राहिले. उभ्या नोकरीत त्यांनी पाना हातात धरला असेल, तर तो बाजूला ठेवण्यापुरता. बाकी काम एकच: काम करणाऱ्याच्या मानेमागे उभं राहायचं आणि ऐन वेळी म्हणायचं, "थांब, आधी मला बघू दे." एवढ्यावर माणूस पेन्शनीपर्यंत पोचतो, हे त्यांच्याकडे बघूनच पटावं.

त्या दिवशी त्यांच्याकडे नवा टीव्ही आला. दुकानातल्या माणसानं तो भिंतीवर बसवला, सगळे चॅनेल लावून दिले. त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, एक चॅनेल दोनदा लावून बघितला. संध्याकाळी वहिनींची धाकटी बहीण त्यावर गाणार होती. जन्मभर भांडी घासताना गुणगुणलेली पोर पहिल्यांदाच पडद्यावर येणार, तेही थेट. पुन्हा काही दाखवणार नव्हते.

माणूस जिना उतरतो न उतरतो तोच सुपरवायझरांनी रिमोट उचलला.

"बातम्या इतक्या खाली? काही शिस्त आहे की नाही?"

"अहो, राहू द्या ना. चाललंय ते बरं चाललंय."

"तू गप गं. तुला काय कळतंय यातलं?"

मेनूत शिरून ते खाली खाली उतरत गेले आणि 'फॅक्टरी रीसेट' या अक्षरांशी थबकले. दोन शब्दांपैकी त्यांनी एकच वाचला. चेहरा असा खुलला, जणू माहेरचं माणूस भेटलं.

"फॅक्टरी! हे तर आपलंच खातं."

दाबलं बटण. पडदा काळा झाला, मग निळा, आणि चॅनेल म्हणून एक उरला नाही.

"त्या माणसाला फोन करा," वहिनी रडकुंडीला आल्या.

"कशाला? आपोआप शोधतो तो." आणि खरंच, टीव्ही बिचारा शोधू लागला. पण पहिला चॅनेल सापडताच साहेबांचा अंगठा शिवशिवला. "थांब, आधी मला बघू दे." शोध बंद. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा एक सापडला, पुन्हा तपासणी.

"अहो, त्याला संपवू तरी द्या!"

"माल तपासल्याशिवाय पुढे सोडायचा नसतो."

संध्याकाळ झाली तरी माल काही पुढे सरकेना. वहिनींनी पदर खोचला, चपला पायात सरकवल्या आणि समोरच्या काकूंचं दार गाठलं. जाताना नवऱ्याकडे त्यांनी मान वळवूनही बघितलं नाही.

थोड्या वेळानं समोरून मेव्हणीचा आवाज आला. छान गात होती हो! सुपरवायझरही उठले, दारापर्यंत गेले, कडीला हात लावला. पण समोर जायचं म्हणजे चुकलं म्हणायचं. ते दाराला कान लावून तसेच उभे राहिले. अंगठा पहिल्यांदाच रिमोटवरून सुटला, आणि टीव्हीनं संधी साधून सगळे चॅनेल शोधून टाकले.

टाळ्या संपल्या. वहिनी डोळे पुसत, हसत घरात आल्या.

"बघ, लागले की नाही?" साहेब छाती काढून म्हणाले. "घाई तुलाच असते."

वहिनींनी त्यांच्या हातातून रिमोट काढून घेतला आणि त्यांच्यादेखत दुकानात फोन लावला.

"दादा, टीव्ही छान आहे हो. फक्त एक सांगा, त्या मेनूला कुलूप लावता येतं का? घरात लहान मूल? नाही हो, मूल असतं तर ऐकलं असतं."