दसऱ्याला आणलेला कॉम्प्युटर

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील. अक्षर तर असं आहे की वाणसामानाच्या यादीतसुद्धा काय लिहिलंय ते मुलगा दुकानातून फोन करून मलाच विचारतो. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. त्याबद्दल आधीच माफी मागते. हे वाचणारी मी एकटीच आहे, तरी मागते, कारण ज्या दुसऱ्या गोष्टीबद्दल लिहायचंय तिची माफी मागायला मला फार उशीर लागला.

मी इथे परदेशात मुला-सुनेकडे राहते, पॉइंट कुक नावाच्या उपनगरात. सुनेला नवीन नोकरी लागली तेव्हा घरून काम करायला मोठा कॉम्प्युटर हवा होता. तिच्या एका मैत्रिणीने स्वतःचा विकायला काढला होता. ती मुलगी इथे शिकायला आली आणि इथेच राहिली. आता वृद्धाश्रमात काम करते, भाड्याच्या युनिटमध्ये, म्हणजे छोट्या फ्लॅटमध्ये, एकटीच असते. मला काकू म्हणते. मी फारशी कुणाशी बोलत नाही, पण ती आली की आपणहून माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन बसायची आणि माझ्या गप्प राहण्याचं तिला काही वाटायचं नाही.

कॉम्प्युटर घरी आला तो नेमका दसऱ्याला. मुलगा म्हणाला, "आई, आधी तुझी पूजा उरकून घे, मग मी जोडतो."

मी दर दसऱ्याला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करते. इथे हत्यारं कसली, तर विळी, कात्री, शिलाईच्या सुया, गाडीची किल्ली. त्या दिवशी कॉम्प्युटरचा काळा डबा टेबलावर होता, पडदा शेजारी होता आणि वायरी वेटोळी करून ठेवलेल्या. मी डब्याला गंध लावलं, पडद्याच्या कडेला लावलं. मग वाटलं, वायरींनी काय घोडं मारलंय, काम तर त्याही करतात. एकेक वायर हातात घेतली, टोकाला कुंकवाचं बोट टेकवलं आणि ओल्या अक्षता वाहिल्या. कुणी वगळलं जाऊ नये, एवढंच मनात होतं.

संध्याकाळी मुलाने सगळं जोडलं. पडद्याची केबल बसवताना म्हणाला, "जरा घट्ट जातेय." आणि दाबून बसवली.

चार दिवस नीट चाललं. मग एकदा सुनेची मीटिंग चालू असताना पडदा काळा झाला. आवाज येत होता, पलीकडची माणसं बोलत होती, चित्र मात्र नाही. पडद्यावर 'नो सिग्नल' अशी अक्षरं फिरत राहिली. तेवढं इंग्रजी मला तेव्हापासून वाचता येतं. थोड्या वेळाने चित्र आपोआप परत आलं. मग हे रोजचंच झालं. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी दिवसभर काही नाही आणि शेवटच्या पाच मिनिटांत अंधार. तिची नोकरी अजून कच्ची होती. साहेबीण विचारायची, "गेलं का परत तुझं?" आणि सून हसून सॉरी म्हणायची. खोलीबाहेर आली की हसू नसायचं.

मुलगा रोज कामावरून आला की त्याच्यामागे लागायचा. पडदा झोपायला जातो ती सेटिंग बंद केली. काहीतरी जुनं काढून नवीन भरलं. डबा उघडून ब्रशने धूळ झाडली. विजेचं सॉकेट बदलून पाहिलं. मग म्हणाला, पडदाच खराब असेल, आणि केबल काढून हॉलमधल्या टीव्हीला लावली. तासाभराने टीव्हीही काळा.

"म्हणजे पडद्याचा दोष नाही," तो म्हणाला. "आतलं ग्राफिक्स कार्ड गेलंय. चित्र तेच पाठवतं."

"तिला माहीत असणार," सून म्हणाली.

"कशावरून?"

"नाहीतर इतका चांगला कॉम्प्युटर कोण विकतं?"

तिने माझ्यासमोरच मैत्रिणीला फोन केला. ती बिचारी म्हणत होती की माझ्याकडे एकदाही असं झालं नाही. सून म्हणाली, "असं कसं गं, तुझ्याकडे शहाणा आणि माझ्याकडे आल्यावर वेडा झाला?" बोलणं वाढत गेलं. शेवटी सून म्हणाली, "तू खोटं बोलतेयस," आणि फोन ठेवला. मी भांडी विसळत होते. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं, तरी मध्ये एक शब्द बोलता आला असता. ती तशी मुलगी नाही, एवढाच. मी नळ जरा मोठा सोडला.

दोन दिवसांनी त्या मुलीने नव्या कार्डाचे तीनशे डॉलर पाठवले. मुलाने कार्ड आणलं. त्याच्या सॉकेटचा आकार वेगळा होता, म्हणून केबलही नवी घ्यावी लागली. जुनी केबल खणात गेली, जुनं कार्ड गॅरेजमध्ये. त्यानंतर पडदा एकदाही काळा झाला नाही.

"बघ," सून म्हणाली. "कार्डच होतं."

तो खण मी नाताळच्या सुट्टीत आवरायला काढला. वायरी गुंडाळून रबर लावत होते. एका केबलच्या चपट्या तोंडात काहीतरी गुलाबी दिसलं. खिडकीशी नेऊन पाहिलं. आत तांदळाचा दाणा होता, वाळून कडक झालेला, माझ्या कुंकवाने रंगलेला. त्याच्यामुळे ती केबल कधी पुरती आत बसलीच नव्हती. टेबल हललं, खण ओढला, की सुटत होती.

मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण हे कळलं. केबल होती तशी परत खणात तळाशी ठेवली आणि खण बंद केला. त्या दिवशी सांगितलं असतं तर निदान एवढं तरी म्हणता आलं असतं की कळल्याबरोबर सांगितलं. मी नाही सांगितलं. सून मला कधी वावगं बोललेली नाही. म्हणूनच तिच्या तोंडून "आई, तुमच्यामुळे झालं हे" ऐकायची मला भीती वाटली. स्वतःची समजूत घातली की पैसे गेले ते गेले, आता कशाला उकरायचं.

पण गेले नव्हते नुसते पैसे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या बायका एका हॉलमध्ये जमल्या. ती मुलगीही आली होती, कोपऱ्यात उभी. कुणी मायक्रोवेव्ह विकायचा विषय काढला तर एक जण तिच्याकडे न बघता म्हणाली, "चालू आहे ना नक्की? आजकाल विचारून घ्यावं लागतं." दोघी-तिघी हसल्या. सून हसली नाही, पण मान वळवून दुसरीकडे बघत राहिली. आणि ती मुलगी थेट माझ्याकडे आली, मला तिळगुळाची वडी दिली, वाकून नमस्कार केला. म्हणाली, "काकू, बऱ्या आहात ना? बारीक झालात." मी आशीर्वादसुद्धा दिला नाही. वडी हातात चिकट होईपर्यंत धरून बसले.

घरी आल्यावर साडी न बदलताच खणातून केबल काढली आणि दोघांच्या समोर ठेवली.

मुलाने केबलच्या तोंडात बघितलं. "आई, तू केबलची पूजा केली होतीस?"

"सगळ्यांचीच केली होती."

तो हसायला लागला, मग थांबला. सुईने दाणा काढला. गॅरेजमधून जुनं कार्ड आणून परत बसवलं, तीच केबल लावली, टेबल धरून गदागदा हलवलं. चित्र जागचं हललं नाही. "टीव्हीला लावली तीपण हीच केबल," तो हळूच म्हणाला. "केबल बदलून बघायचं मला सुचलंच नाही."

सून टेबलाशी बसून होती. "मी तिला खोटारडी म्हटलं," ती म्हणाली.

"मी उद्या तिच्या खात्यात पैसे टाकतो," मुलगा म्हणाला. "तांदळाचं कुणाला सांगायला नको, लोक वर्षभर हसतील."

"हसू देत," मी म्हणाले. "सांगायचं मीच. आणि पैसेही माझे जातील."

"आई, तुमच्याकडे कुठले पैसे?" सुनेने विचारलं. रागाने नाही.

मी इथल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावून देते. त्याचे सुटे पैसे बिस्किटांच्या डब्यात टाकते. ते होते, पण पुरे नव्हते.

सून मला त्या मुलीच्या युनिटपाशी घेऊन गेली. गाडी थांबवली, पण उतरली नाही. "तुम्ही व्हा पुढे. मला जरा वेळ द्या."

दारात मी सगळं एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर परत फिरले असते. कुंकू, अक्षता, केबल आणि नाताळपासून गप्प बसले तेही. ती ऐकत राहिली. मग जिन्याच्या पायरीवर खाली बसली.

"काकू, मला वाटायला लागलं होतं की मीच फसवलं तुम्हाला," ती म्हणाली. "नकळत. परवा टेबलफॅन विकायचा होता, तो टाकूनच दिला. म्हटलं, चुकून बंद पडला तर?"

मी पाकीट पुढे केलं. ती नको म्हणाली.

"नाही घेतलंस तर मला तुझ्या दारात परत येता येणार नाही."

"आणि घेतलं तर याल?"

"यावंच लागेल. अर्धेही नाहीत यात."

तेवढ्यात सून वर आली. जिन्यात तिने आमचं बोलणं ऐकलं असावं. "तुझा फॅन मी घेतला असता," सून म्हणाली. ती मुलगी म्हणाली, "काय सांगावं, बंद पडला असता." मग दोघी रडल्या. मी चहा कुठे ठेवलाय ते शोधायला आत गेले.

त्या रात्री सुनेने बायकांच्या ग्रुपवर लिहिलं की त्या कॉम्प्युटरमध्ये काही दोष नव्हता, चूक आमच्या घरची होती. मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, सासूची लिही. ती म्हणाली, "घरचीच आहे. राहू दे."

पाडव्याच्या आधी साड्या पुष्कळ आल्या. बोटांना सुई टोचून टोचून घट्टे पडले. जमतील तसे मी त्या मुलीला पैसे नेऊन देत गेले. दर वेळी ती म्हणायची, काकू, पुरे आता, आणि दर वेळी मी तिला घ्यायला लावायचे. शेवटचे नेले ते पाडव्याच्या दुपारी, नोटा कमी आणि नाणी जास्त. माझ्यासमोर मोजायला सांगितलं. तिने ओट्यावर नाणी रचली, एकदा मोजली, माझ्याकडे बघून परत मोजली.

"पूर्ण तीनशे झाले, काकू," ती म्हणाली. "फिटले सगळे."