गुरुवारची सुपं

शांते, मी दवनीवाड्याहून निघाले तेव्हा तू बैलगाडीमागं शिवेपर्यंत रडत आलीस. आईही डोळे पुसत होती. मी मेली मात्र हसत होते! स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती, नवऱ्याला नागपुरात गिरणीत काम लागलं होतं, आणि मला कधी एकदा गोंदियाहून रेल्वेत बसते असं झालं होतं.

तू चिठ्ठीत पुन्हा विचारलंस, बाबा न्यायला आले होते तरी ताई परत का नाही आली? आता सांगूनच टाकते.

माझं पहिलं बाळ अकराव्या दिवशी गेलं, एवढंच तुम्हांला कळलं. पुढचं आम्ही कळवलं नाही. मी बोलेनाशी झाले. चूल पेटवायची नाही, वेणी घालायची नाही. शेजारणी म्हणू लागल्या, बाहेरचं काहीतरी लागलंय. ह्यांनी मांत्रिक न शोधता मला दवाखान्यात नेलं. तिथं मनाच्या आजारांच्या एक डॉक्टरबाई होत्या. दर गुरुवारी दुपारी त्या सहा-सात बायकांना गोल खुर्च्यांवर बसवायच्या आणि म्हणायच्या, "इथलं बोलणं बाहेर जात नाही. मनातलं सांगा." कोण सांगतंय बाप्पा! तीन गुरुवार आम्ही एकमेकींच्या पायांकडं बघत बसलो.

चौथ्या गुरुवारी मीच चिडले. म्हटलं, "बाई, असं तोंडासमोर तोंड करून कोणी दुःख सांगतं का? आमच्याकडं धानाच्या रोवणीत बायका सारं सांगतात. ओळीनं वाकलेल्या असतात, हात चिखलात, कोणी कोणाचं तोंड पाहत नाही." कित्येक दिवसांनी मी एवढं बोलले होते.

पुढच्या गुरुवारी खुर्च्या गायब! भिंतीकडं तोंड करून एका ओळीत चटया, आणि दवाखान्याच्या कोठीतल्या तांदळानं भरलेली सुपं. डॉक्टरबाईही टोकाला बसल्या. अवो, त्यांना निवडताच येईना! खडे ठेवून तांदूळ फेकत होत्या. आम्हांला हसू आवरेना. त्या हसण्यातच माझ्या शेजारची, एका रेल्वेवाल्याची बायको, सुपाकडं बघत म्हणाली, "मुझे तो घर में सबसे डर लगता है." कोणी मान वर केली नाही, म्हणून ती बोलत राहिली.

मग मीही बोलले. बारशाला एकच दिवस उरला होता. मनातल्या मनात मी बाळाला दौलत म्हणत होते. ते नाव ह्यांनाही ठाऊक नव्हतं. तो गेला तेव्हा माझा डोळा लागला होता. "मीच मारलं त्याला," मी म्हणाले. सगळ्यांचे हात थांबले. ओळीतली एक म्हातारी खेकसली, "अकरा दिवसांची बाळंतीण झोपंल नाही तर काय नाचंल?" शांते, मी इतकी रडले, इतकी रडले, की शेवटी भूक लागली. डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या, "आजी बरोबर बोलतायत."

त्याच आठवड्यात बाबा आले. "चाल बाई घरी. कायले राहून राहिली इथं?" मोह झाला गं! पण घरी तुम्ही मला जपलं असतं आणि बाळाचा विषय कोणी काढला नसता. गेलेल्याचं नाव काढलेलं आईला चालतच नाही. मी त्यांना दवाखान्यातल्या सुपांचं सारं सांगितलं आणि म्हटलं, "बाबा, तिकडं मले सारे ओळखतात. पन माझ्या पोराले या बायकाच ओळखतात. मले गुरुवार पायजे."

बाबांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "नाव काय ठेवलं होतं?"

मी सांगितलं. त्यांनी ते एकदा हळूच उच्चारलं आणि एकटेच स्टेशनावर गेले.

आता बरं चाललंय. दौलतच्या पाठची आपली सुमन शाळेत जाते. गुरुवारी मी अजून जाते, नव्या बायकांना चटया घालून देते. नागपूर माझं घर झालंय, आणि दवनीवाडा सुटला असंही कधी वाटत नाही. बाबांची चिठ्ठी तिथले शाळामास्तर लिहून देतात. खाली दर वेळी एकच ओळ असते, "सुमनले आन दौलतले आशीर्वाद." मास्तरांना वाटत असेल, मला दोन लेकरं आहेत. आहेतच.