राखाडीशेजारी केशरी

माझ्या वडिलांना, पद्माकररावांना, बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारात कुणी कधी हुशार म्हटलं नाही. आजोबा संस्थानच्या कचेरीत अव्वल कारकून, दोन्ही काका मास्तर, आणि बाबा लहरीपुऱ्याच्या मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाऊजपीस विकणारे. मॅट्रिकला दोनदा आपटलेले. मलाही त्यांची लाज वाटायची, खोटं कशाला बोलू? मैत्रिणींनी विचारलं की "टेक्स्टाइलमध्ये आहेत" असं सांगून मी मोकळी व्हायचे.

पण त्या काउंटरमागे बाबांना बघायला हवं होतं. बाई पिशवीतून साडी काढायच्या आधी नुसतं "भाऊ, चिंतामणी" म्हणायची, की मान न वळवता यांचा हात बरोबर त्या रंगाच्या गठ्ठ्यावर. गुजराती बाई 'रींगणी' म्हणो की मराठी बाई 'वांगी', कापड एकच यायचं आणि पहिल्या खेपेला यायचं. तीनशे बारा रंग होते दुकानात. शेठ सगळ्यांना सांगायचे, "पद्माकरभाई आहेत म्हणून आपली दुकान आहे."

फडताळं मात्र बघवत नसत. राखाडीशेजारी केशरी, जांभळ्याशेजारी मोतिया. एकदा घरी मी विचारलंच, दुकानात हा काय गोंधळ मांडलाय? बाबा हसले.

"अगं, मला रंग कुठे आठवतात? मला शब्द आठवतो, आणि तो शेजारच्याला घेऊन येतो. राख म्हटलं की साधू, साधू म्हटलं की भगवं, म्हणून तिथे केशरी. जांभूळ म्हटलं की आपल्या नानांचा मधुमेह, मधुमेहावरून त्यांचे डोळे, डोळ्यांवरून मोतीबिंदू. आला की नाही मोतिया?"

"आणि मी कोथिंबीर सांगितली की काय आठवतं, तेही विचार," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "घरी तर मेथी येते."

आम्ही तिघंही हसलो. मला त्यात डोकं काही दिसलं नाही, खुळेपणा दिसला.

सत्त्याण्णव साली मी कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. बडोद्यात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते. शेवटी एक प्रोजेक्ट असायचा, एखाद्या दुकानाचा सगळा माल यादीत चढवायचा. मला दुकान शोधायला लांब जावं लागलं नाही. शेठ तर खूशच झाले, कारण समोरच्या दुकानात नुकतंच नंबरवालं शेडकार्ड आलं होतं. मी रंगांचे गट पाडले, लाल सगळे ए, निळे सगळे बी, आणि फिक्यापासून गडदपर्यंत ओळीने नंबर दिले. आधी एक रकाना नावांचाही ठेवला होता. पण एकेका रंगाला दोन भाषांतली तीन-तीन नावं निघायला लागली, यादी वेडीवाकडी दिसायला लागली, तेव्हा तो रकाना मीच काढून टाकला.

नवरात्राच्या आधीच्या दोन रविवारी बंद दुकानात आम्ही फडताळं नव्याने लावली. बाबा स्टुलावर चढून एकेक गठ्ठा माझ्या हातात देत होते. एकदाच म्हणाले, "तेजू, राखाडीला तिकडे नको नेऊस गं. मला केशरी सापडायचं नाही."

"बाबा, हे दुकान आहे, कीर्तन नव्हे," मी म्हणाले. जीभ फार चालायची माझी तेव्हा.

नवरात्र लागलं, गरब्याच्या चणियाचोळ्यांसाठी दुकानात पाय ठेवायला जागा राहिली नाही. बाई म्हणायची केशरी, बाबांचा हात जुन्या जागी जायचा आणि पोपटी घेऊन यायचा. मग चष्मा, मग यादी, मग यादीवरून बोट. नव्या पोरांना नंबर सोपे पडले, बायका हळूहळू त्यांच्या काउंटरकडे सरकल्या. मी एकदा डोकावले तेव्हा बाबा हातात यादी धरून उभे होते आणि समोरची मुलगी अगदी सहज विचारत होती, "काका, तमे नवा छो?" एकतीस वर्षं त्या काउंटरमागे काढलेल्या माणसाला. मी आत न जाता तशीच परत आले.

दिवाळीनंतर शेठनी त्यांना दाराशी पिशव्या भरायला बसवलं. बाबा तिथे सात वर्षं बसले. घरीही त्यांचं बोलणं आटलं. वाक्य सुरू करायचे आणि मध्येच शब्द शोधत थांबायचे. मी आईला म्हणायचे, वय झालं आता. सत्तावन्न हे काय वय झालं? पण मला तसंच मानायचं होतं, कारण माझं छान चाललं होतं. क्लासचे सर दुकानात येऊन प्रोजेक्ट बघून गेले होते आणि त्यांच्या ओळखीने मला कोयलीला रिफायनरीच्या एका ठेकेदाराच्या स्टोअरमध्ये नोकरी लागली होती. नट-बोल्टांना नंबर द्यायचं काम.

बाबा दोन हजार चार साली गेले. त्यानंतर पाच वर्षांनी आईच्या एका जुन्या साडीला ब्लाऊजपीस हवा होता, म्हणून मी त्या दुकानात गेले. शेठ थकले होते, पण त्यांनी मला ओळखलं आणि बसवून घेतलं.

"त्या नवरात्रात तिसऱ्याच दिवशी मी पद्माकरभाईंना म्हटलं होतं," ते म्हणाले, "की रविवारी सगळं पहिल्यासारखं लावून घ्या. त्यांनी हात जोडले. म्हणाले, पोरीचे सर दिवाळीनंतर बघायला येणार आहेत, तिच्या नोकरीचा प्रश्न आहे, राहू द्या."

"आणि सर येऊन गेल्यावर?"

"तेव्हाही विचारलं. म्हणाले, आता मोडलं तर तिला कळेल."

सात वर्षं रोज संध्याकाळी मी त्या माणसाला चहा करून दिला, आणि बाबा, तुम्हाला काउंटरवरून का उठवलं, एवढं एकदाही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. उत्तर माझ्याकडेच येईल ही भीती होती, दुसरं काही नाही.

शेठनी साडी उजेडात धरली. निळी, पण हलवली की जांभळी झाक मारणारी. "ह्या रंगाला पद्माकरभाई काय म्हणायचे गं?"

मी खूप आठवून पाहिलं. बाबांची सगळी नावं मला अजून पाठ आहेत, पण कुठलं नाव कुठल्या रंगाचं, ते गेलंय. एकही शब्द दुसऱ्याला घेऊन आला नाही.

"बी-सतरा," मी म्हणाले.

काउंटरवरच्या माणसाने कापड आणून साडीवर ठेवलं. रंग तंतोतंत जुळला.